काहीच न करण्याचं बक्षीस

एक कोडं सोडवा बरं. एका घरात दोन भावंडं. धाकटीनं जिल्ह्याच्या मल्लखांब संघात जागा मिळवली. थोरल्यानं साठ दिवस एक गोष्ट केली नाही. तर घरात पेढे कुणासाठी येतील?

तुम्ही म्हणाल, धाकटीसाठी. चुकलात. सन दोन हजार एकेचाळीसमध्ये, कराडच्या थोरातांच्या घरी, पेढे थोरल्यासाठी येणार होते. म्हणूनच त्या रविवारी सकाळपासून कृत्तिका थोरात, वय वर्षे बारा, हिच्या पोटात दुखत होतं. अपचन नव्हतं ते, निव्वळ हेवा होता. अगदी शुद्ध, भेसळ नसलेला.

थोरला म्हणजे विहंग, एकोणीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो मल्लखांबावर चढला की तालमीतली पोरं आपला सराव सोडून बघत बसायची. मग त्याचा खांदा दुखावला. डॉक्टरांनी दहा दिवसांपुरत्या वेदना कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, विहंगनं मात्र थांबवल्या नाहीत. मंडईमागे एक माणूस चिठ्ठीशिवाय त्याच गोळ्या विकायचा. आधी सरावापूर्वी एक, मग दोन, मग सराव नसला तरी. वर्षभरात विहंग मल्लखांबावरून उतरला तो उतरलाच. शेवटी आई-बाबांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. शेवटची गोळी घेतल्याला आज साठ दिवस झाले होते.

रोज संध्याकाळी आई फ्रीजच्या पडद्यावर हिरवी खूण करायची आणि विहंगच्या पाठीवरून हात फिरवायची. कृत्तिकानं धावत येऊन "आई, संघात माझं नाव लागलं!" असं सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "अगं वा! पण हळू बोल की, दादाचा आत्ता डोळा लागलाय." नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते असं.

त्यात आणखी एक नियम. घरामागच्या परड्यात सरावाचा एक छोटा मल्लखांब पुरलेला होता. विहंग केंद्रातून घरी आला त्या दिवशी बाबांनी तो ताडपत्रीनं गुंडाळून टाकला. वर कृत्तिकाला हुकूम, "सराव तालमीतच करायचा. अन् येताना तिथंच अंघोळ करून, कपडे बदलून यायचं."

"का पण?"

"दादाला वाईट वाटतं, बाळा."

म्हणजे दादाला चढता येत नाही, म्हणून मीही चढायचं नाही! हा न्याय कृत्तिकाच्या घशाखाली उतरेना.

आता एका ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे वळू. केंद्राची अटच होती की पेशंटच्या घरच्यांनी 'व्यसन आणि मेंदू' हा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा करायचा. आईनं तिघांची नावं घातली. पहिल्याच तासाला बाबा घोरायला लागले, आईच्या कुकरची शिट्टी झाली, आणि शिकायला उरली एकटी कृत्तिका. दादाचं कौतुक कमी होतं म्हणून आता दादाचा अभ्यासही मीच करायचा, असं पुटपुटत ती बसली.

शिकवायला होत्या टिळेकर आजी. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर मेंदूवर संशोधन केलेल्या. त्या अकोल्याच्या आपल्या घरात बसत आणि त्यांची वीतभर उंचीची प्रकाशप्रतिमा थोरातांच्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी उभी राही. अभ्यासक्रमाबरोबर घरी एक डबी आली होती. तिच्यात अंगठ्याएवढा यंत्रमानव होता. त्याचं नाव मुंगळा.

"याच्या डोक्यात हजारभर कृत्रिम चेतापेशी आहेत," आजी म्हणाल्या. "चेतापेशी म्हणजे मेंदूतल्या, एकमेकींना निरोप देणाऱ्या पेशी. तुझ्या डोक्यात त्या हजारो कोटी आहेत, पण कामाची रीत तीच. ती पिवळी चकती आहे ना, तो याचा गूळ. तिच्यावर चढला की याची बॅटरी भरते. आता याच्या पाठीवरचे दहा दिवे बघ."

मुंगळा चकतीवर चढला. सहा दिवे लागले.

"हे दिवे म्हणजे डोपामीन (एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं रसायन). लोकांना वाटतं, डोपामीन म्हणजे आनंद. तेवढंच नाही. ती मेंदूनं स्वतःलाच मारलेली हाक आहे. हे कामाचं आहे, ध्यानात ठेव, पुन्हा कर! आता दर वेळी गुळाआधी घंटा वाजव."

कृत्तिकानं वीसेक वेळा घंटा वाजवून गूळ दिला. मग गंमत झाली. घंटा वाजताच सहा दिवे लागायला लागले, आणि प्रत्यक्ष गूळ मिळाल्यावर एकसुद्धा लागेना.

"आजी, याला गूळ आवडेनासा झाला?"

"छे गं! गूळ ही आता शिळी बातमी झाली. घंटा वाजली तेव्हाच त्याला कळलं की गूळ येणार. मेंदू ताज्या बातमीला दिवे लावतो. ताजी बातमी आता घंटेत आहे. अशा घंटेला आम्ही 'खूण' म्हणतो. खूण म्हणजे बक्षिसाची वर्दी देणारी कुठलीही गोष्ट. आवाज, जागा, माणूस, काहीही."

पुढच्या आठवड्यात तांबडी चकती आली. तिच्यावर चढण्याआधी घंटेऐवजी शिट्टी वाजवायची होती. मुंगळा वर चढला मात्र, दहाच्या दहा दिवे भगभगले! बॅटरीत मात्र थेंबभरही वीज आली नाही.

"हा खोटा गूळ," आजी म्हणाल्या. "अमली पदार्थ हेच करतात. पोटात काही पडत नाही, काही जिंकलेलं नसतं, पण मेंदूत मात्र हाकाटी होते की याच्याइतकं महत्त्वाचं जगात दुसरं काही नाही!"

मुंगळा तांबडी चकती सोडेना. बॅटरी संपत आली तरी सोडेना. तीन दिवसांनी कृत्तिकानं त्याला उचलून पिवळ्या चकतीवर ठेवलं, तर कसाबसा एक दिवा लागला.

"शेजारी रात्रंदिवस लाउडस्पीकर लावला तर आपण काय करतो?"

"खिडक्या लावून घेतो."

"पेशीही तेच करते. तिच्यावर ग्राहक असतात (निरोप आत घेणाऱ्या खिडक्याच म्हण). त्या ती एकेक करून बंद करते. मग साधे निरोप तिला ऐकूच येत नाहीत. जेवण, मित्र, खेळ, सगळं फिकं. गोळी घेतली तर जेमतेम बरं वाटतं आणि नाही घेतली तर अंग मोडून येतं. शिवाय कपाळामागचा भाग (थांब, विचार कर, असं सांगणारा आपला ब्रेक) तोही ढिला पडतो. मग लोक म्हणतात, याला इच्छाशक्तीच नाही."

बाबा तर असं अनेकदा म्हणाले होते. कृत्तिकानंही मनात म्हटलं होतं.

तांबडी चकती काढून घेतल्यावर पिवळ्या गुळाचे दिवे हळूहळू वाढू लागले. दोन झाले, मग तीन. आठवड्याभरानं आजींनी सांगितलं, "आता नुसती शिट्टी वाजव." कृत्तिकानं वाजवली. पिवळ्या चकतीवर सुखानं बसलेला मुंगळा ताडकन उठला, धावत तांबडी चकती असायची त्या रिकाम्या कोपऱ्यात गेला आणि तिथं गरगर फिरत राहिला.

"बावळट!" कृत्तिका हसली. "तिथं काहीच नाहीये."

"बावळट असता तर विसरला असता," आजी म्हणाल्या. "हा चांगला शिकला, हीच तर अडचण आहे. माणसाचंही असंच होतं. खूण भेटली की तीव्र ओढ लागते. ती लाटेसारखी चढते, आणि गोळी घेतली नाही तर बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ माणसाला एकटं सोडू नये. आणि एक गोष्ट तिघांनीही पक्की लक्षात ठेवा. साठ-सत्तर दिवस औषधाशिवाय राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. त्यानं जुन्या मापानं गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो."

'तिघांनीही' म्हणताना आजींनी टेबलाभोवती पाहिलं. तिथं कृत्तिका आणि लोणच्याची बरणी एवढेच होते. कृत्तिकानं प्रश्नपत्रिका सोडवली, दहापैकी दहा मिळवले आणि ते दाखवायलाही घरात कुणाला सवड नाही म्हणून आणखी एकदा मनातल्या मनात जळली.

तर तो रविवार. आई-बाबा पेढे आणायला आणि काका-काकूंना घेऊन यायला ओगलेवाडीला गेले होते. विहंग संगणकाच्या वर्गाला गेला होता. पाच वाजता सगळे जमणार. कृत्तिकाच्या डोक्यात बेत शिजला. सगळे येतील तेव्हा आपण परड्यात मल्लखांबावर असायचं. टोकावर तोल सांभाळून उभं राहायचं. मग बघू, पेढे हातात घेऊन कोण कुणाकडे बघतं ते!

तिनं ताडपत्री सोडली. कपाटाच्या मागे लपवलेली एरंडेलाची बाटली शोधून काढली, कारण तेल चोळल्याशिवाय लाकडावरून अंग सरकत नाही. खालपासून वरपर्यंत तिनं खांब चोळला. ऊन लागताच तो जड, ओळखीचा वास परडंभर पसरला.

आणि साडेचारलाच विहंग घरी आला.

तो मागच्या दारात थबकला. त्यानं खांबाकडे पाहिलं, मग तिच्या तेलकट हातांकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम आला.

जळला! कृत्तिकाला मनातून गुदगुल्या झाल्या. जळू दे एकदा. दोन महिने मी जळतेय.

"कुणी सोडलं हे?" विहंगचा आवाज चिरका झाला होता.

"मी! माझाही मल्लखांब आहे तो."

विहंगचा डावा हात आपोआप पँटच्या खिशात गेला, आत चाचपडला, रिकामा बाहेर आला, पुन्हा आत गेला. मग तो वळला आणि घरातून बाहेर पडला.

कृत्तिका विजयानं खांबाकडे वळली आणि वळताच थिजली. तो हात! त्याच खिशात तो गोळ्यांची पट्टी ठेवायचा. सरावाआधी गोळी, गोळीआधी तेल. वर्षभर रोज आधी हा वास आणि मग गोळी. म्हणून ताडपत्री. म्हणून तालमीत अंघोळ. दादा हेव्यानं पांढरा पडला नव्हता. तिनं त्याच्या कानाशी शिट्टी वाजवली होती.

मनगटावरच्या फोनवर आईला "मी तेल काढलं, दादा मंडईकडे निघालाय, लगेच या" एवढंच ओरडून सांगत ती अनवाणीच धावली.

गल्लीच्या तोंडाशी विहंग चालकाविना चालणाऱ्या रिक्षात बसत होता. रिक्षा म्हणाली, "ठिकाण, मंडई. दार बंद होत आहे." कृत्तिकानं दारातच फतकल मारली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"कृपया दार मोकळं करा," रिक्षा म्हणाली.

"सरक, कृत्ते."

"नाही सरकत."

"मला काम आहे."

"मला माहीत आहे काय काम आहे ते."

"तुला काय कळतंय? ऊठ म्हणतो ना!"

आता आजींसारखं शांत, शहाण्यासारखं बोलायला हवं, हे कृत्तिकाला कळत होतं. लाट, वीस-तीस मिनिटं, सगळं तोंडपाठ होतं. पण तोंड उघडल्यावर दोन महिन्यांचं साठलेलंच बाहेर पडलं.

"हो, मला काय कळणार! सगळं तुलाच कळतं! तू झोपलास की घर चिडीचूप, तू उठलास की शिरा! तू काय केलंस रे? गोळी खाल्ली नाहीस! मीपण नाही खाल्ली! बारा वर्षांत एकदाही नाही खाल्ली! मला कुणी आणले पेढे?"

"कृपया दार मोकळं करा."

"गप गं!" दोघंही एकदमच रिक्षावर ओरडले.

"मी मागितले होते का पेढे?" विहंग उसळला. "साठ दिवस झाले म्हणून चारचौघांत पेढे वाटायचे! म्हणजे काकूला पुन्हा आठवण की हा तो गोळ्या खाणारा. मला लाज वाटते, कळलं?"

"लाज वाटते तर मग सांगायचं ना! मी संघात निवडले गेले, तू एक शब्द बोललास? खोलीचं दार धाडकन लावून घेतलंस! मला वाटलं, फार मोठा लागून गेलाय हा!"

भांडण असं काही पेटलं की समोरच्या जगदाळे काकू गॅलरीत आल्या, पाहून आत गेल्या आणि खुर्ची घेऊन परत आल्या. कृत्तिकानं फुटलेली पाटी काढली, कुलदैवताला जाताना खिडकीची जागा कुणी बळकावली ते काढलं. विहंगनं त्याच्या पदकावर तिनं नेलपॉलिश लावलं होतं ते काढलं. दर मिनिटाला रिक्षा विनंती करत राहिली. शेवटी ती म्हणाली, "फेरी रद्द करण्यात येत आहे," आणि तिनं दिवा विझवला.

मग विहंग रिक्षाच्या पाठीला डोकं टेकून बसला.

"कृत्ते, तेलाचा वास आला की तुला काय वाटतं?"

"काय वाटायचंय? चढावंसं वाटतं."

"मला तेच वाटायचं. चौथीत असल्यापासून. जगातला सगळ्यात आवडता वास होता तो." त्यानं तोंडावरचा घाम पुसला. "आता तो आला की मला फक्त गोळी दिसते. माझा मल्लखांबच पळवला तिनं. तू तालमीतून ओले केस घेऊन येतेस ना, तेव्हा तुझा इतका हेवा वाटतो मला, की बघवत नाही. म्हणून दार लावतो."

साठ दिवस कृत्तिका एका बाजूनं जळत होती, आणि भिंतीपलीकडे तो दुसऱ्या बाजूनं. कुणी तिला नीट सांगितलं असतं तर! किंवा तिनं नीट विचारलं असतं तर!

"मी चुकले, दादा," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून मी तेल काढलं. मला माहीत नव्हतं. म्हणजे, शिकले होते, पण मुंगळ्याचं म्हणून. तुझं म्हणून नाही."

विहंगनं तिच्या तेलकट हाताकडे पाहिलं, पण या वेळी त्याचा हात खिशाकडे गेला नाही.

"किती वाजले?"

"पाच वाजून पाच मिनिटं." तिनं मोजलं. पस्तीस मिनिटं झाली होती. "उतरली का रे?"

"उतरतेय," तो म्हणाला.

तेवढ्यात आई चपला फाटेस्तोवर धावत आली. तिनं आधी विहंगला कवटाळलं. मग त्याच्या खांद्यावरून अनवाणी, धुळीनं माखलेल्या कृत्तिकाकडे पाहिलं आणि दुसऱ्या हातानं तिलाही ओढून घेतलं. घरी गेल्यावर बाबांनी स्वतः साबणाच्या पाण्यानं खांब धुतला. विहंगनं केंद्रातल्या समुपदेशकांना फोन करून सगळं सांगितलं. काका-काकूंना बाबांनी दोन गोष्टी सांगितल्या, साठ दिवसांची आणि जिल्ह्याच्या संघाची. संघाची आधी सांगितली.

दुसऱ्या दिवशीच्या तासाला टेबलाभोवती चौघं बसले होते. बाबा जागे होते. आजींनी चष्मा सारखा करून सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं.

"आजी, ती जुनी खूण पुसता येत नाही का?" कृत्तिकानं विचारलं.

"पुसता येत नाही. पण तिच्या शेजारी नवी पायवाट पाडता येते. समुपदेशक सोबत असताना, अगदी थोडा थोडा तो वास घ्यायचा आणि त्यानंतर गोळी येत नाही, हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवायचं. घाई करायची नाही, घरच्या घरी करायचं नाही. बंद खिडक्याही उघडतात, महिने लागतात, पण उघडतात. साठ दिवस काही न करणं म्हणजे काय, ते आता कळलं ना? रोज चढणाऱ्या लाटेत उभं राहणं. बाहेरून बघणाऱ्याला तो नुसता उभा दिसतो."

"म्हणजे मी पुन्हा मल्लखांबावर चढेन?" विहंगनं विचारलं. हा प्रश्न तो दोन महिन्यांत पहिल्यांदाच विचारत होता.

"कधी ते मी सांगू शकत नाही. पण तुझ्यासारखे चढलेले मी पाहिले आहेत."

विहंग टेबलावर बोटानं रेघा ओढत राहिला. "पण लाट परत येईल."

"येईल. हळूहळू बुटकी होत जाईल, पण येईल. म्हणून तेव्हा कुणाला हाक मारायची ते आजच ठरवून ठेव. समुपदेशकांचा नंबर, आई, बाबा..."

"आणि मी," कृत्तिका म्हणाली. "मलाच आधी बोलव. काल माझं निम्मंसुद्धा भांडण झालं नाही. तुला नवी सायकल आणि मला तुझी जुनी, तो विषय तर अजून निघालेलाच नाही."

विहंगनं तिच्याकडे पाहिलं. मग आपली खुर्ची सरकवून तिच्या खुर्चीला लावली.

"थांबायचं कशाला," तो म्हणाला. "आत्ताच सांग."